शास्त्रदान ते ग्रंथदान : कारंजा येथील हस्तलिखित भांडारे आणि विद्यापीठीय ग्रंथालय

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे वैभव ग्रंथसंख्येवरून मोजण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. वार्षिक अहवालात खरेदी केलेल्या ग्रंथांचा एक आकडा असतो आणि देणगीदाखल आलेल्या ग्रंथांचा दुसरा. दुसऱ्या आकड्याखाली दात्यांचे आभार मानले जातात व तो विषय तेथेच संपतो. त्या ग्रंथांपैकी किती नोंदले गेले, किती वाचकाच्या हाती पडले आणि किती एखाद्या खोलीत गठ्ठ्यांच्या रूपाने पडून राहिले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. दान म्हणजे ग्रंथाचे स्थलांतर, अशी एक समजूत यामागे असावी. ही समजूत कितपत टिकते, हे तपासण्यासाठी वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाचा ग्रंथेतिहास विशेष उपयुक्त आहे. तेथील मूळ पोथ्या भांडारांच्या मालकीच्याच राहिल्या. तरीही विद्यापीठीय अभ्यासाला त्यांनी जे दिले, ते देणगीच्या अनेक गठ्ठ्यांना देता आलेले नाही. हे कसे घडले, आणि त्यापासून आजच्या महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शास्त्रदानाची परंपरा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील कारंजा हे गाव नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात प्रसिद्ध आहे. जैन धर्माच्या इतिहासात मात्र ते दिगंबर भट्टारकांचे पीठस्थान म्हणून ओळखले जाते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे येथे आहेत आणि त्यांच्या आश्रयाने संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, हिंदी, गुजराती व मराठी पोथ्यांची भांडारे वाढली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेची यात्रा केलेल्या शीलविजय या श्वेतांबर साधूने आपल्या तीर्थमालेत कारंजा येथील बघेरवाल ज्ञातीच्या भोज संघवींच्या समृद्धीचे आणि दातृत्वाचे वर्णन केले आहे. गावात व्यापार होता, व्यापाऱ्यांजवळ धन होते, आणि त्या धनाचा काही भाग पोथ्यांकडे वळविणारी एक धर्मकल्पनाही होती.

ती कल्पना म्हणजे शास्त्रदान. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेत सामान्यतः सांगितली जातात. शास्त्रदानाचे उदाहरण म्हणून कौंडेशाची कथा येते. एका गुराख्याला झाडाच्या ढोलीत एक शास्त्रग्रंथ सापडतो. तो त्याची भक्तिभावाने पूजा करतो, पुढे एका मुनीला अर्पण करतो, आणि त्या पुण्याने पुढील जन्मी शास्त्रपारंगत होतो. या कथेतील दाता पंडित नाही. ग्रंथाचे मोल जाणण्यासाठी तो वाचता आलाच पाहिजे असे कथा मानत नाही; ज्याला तो वाचता येतो त्याच्या हाती तो पोहोचला पाहिजे, एवढाच तिचा आग्रह आहे.

व्यवहारात शास्त्रदान म्हणजे लेखकाकडून पोथीची नक्कल करवून ती मुनी, आर्यिका, भट्टारक किंवा मंदिर यांना देणे. अशा पोथीच्या शेवटी प्रशस्ती लिहिली जाई. दात्याचे कुल, आईवडील, भावंडे, गाव, मंदिर, गुरुपरंपरा, पोथी कोणासाठी लिहविली, कोणी लिहिली आणि कोणत्या तिथीला पूर्ण झाली, असा तपशील तीत आढळतो. विद्याधर जोहरापूरकर यांनी ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९५८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा भट्टारकांच्या परंपरा जुळविण्यासाठी मूर्तिलेखांइतकाच या प्रशस्तींचा आधार त्यांना घ्यावा लागला. दानाची नोंद दात्याच्या समाधानासाठी केलेली असली, तरी शेदोनशे वर्षांनी तीच इतिहासाचे साधन ठरते. दान घेताना त्याची नोंद काटेकोर का हवी, याचे उत्तर येथे मिळते.

तथापि शास्त्रदानाची एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. भांडारात पोथी सुरक्षित राहिली. पण ती तेथे आहे हे बाहेरच्या अभ्यासकाला कळण्याची सोय नव्हती. शास्त्रग्रंथ छापण्यास दिगंबर समाजातील मोठ्या वर्गाचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरही काही काळ विरोध होता. रक्षणाची वृत्ती आणि प्रसाराची वृत्ती यांतील हा ताण कारंजा येथेच नव्हे, सर्वच धार्मिक संग्रहांत दिसतो. तो केवळ अज्ञानातून आलेला मानणे अन्यायाचे होईल. ज्यांनी शतकानुशतके वाळवी, दमट हवा आणि आग यांपासून पोथ्या राखल्या, त्यांना परक्या हातांविषयी शंका वाटणे स्वाभाविक होते.

२. सूची : पहिली सेवा

कारंजा येथील भांडारे विद्यापीठीय जगाला परिचित झाली ती एका सूचीमुळे. मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली सूची १९२६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाली. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची, म्हणजे अवघी तीन वर्षे आधीची. रायबहादूर हिरालाल हे कटनीचे, व्यवसायाने प्रशासक आणि व्यासंगाने पुरालेखविद्. त्यांच्या सूचीत कारंजा येथील जैन पोथ्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले आणि त्यांतील अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

या घटनेचे महत्त्व मराठीच्या अभ्यासकाला विशेष जाणवावे. झ्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील प्रबंध १९२० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला, वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ चा. ब्लॉक यांनी प्रबंध सिद्ध केला तेव्हा अपभ्रंशाची फारच थोडी दीर्घ काव्ये छापील रूपात होती. धनपालाची ‘भविसत्तकहा’ हेर्मान याकोबी यांनी १९१८ मध्ये जर्मनीत संपादित केली, आणि चि. डा. दलाल व पां. दा. गुणे यांची आवृत्ती बडोद्याहून १९२३ मध्ये निघाली. प्राकृत आणि अर्वाचीन आर्यभाषा यांना जोडणारा हा दुवा व्याकरणकारांच्या उदाहरणांवरून आणि मोजक्या ग्रंथांवरून कल्पावा लागत होता. त्याच वेळी वऱ्हाडातील एका गावात पुष्पदंत, कनकामर यांच्या काव्यांच्या पोथ्या बस्त्यात बांधलेल्या होत्या. त्या नष्ट झालेल्या नव्हत्या किंवा लपविलेल्याही नव्हत्या. त्यांचा पत्ता लिहिलेला नव्हता, इतकेच. सूची ही पहिली सेवा म्हणावयाची ती या अर्थाने. तिने संग्रहात एकाही पोथीची भर घातली नाही, पण सगळा संग्रह अभ्यासाच्या कक्षेत आणला. ह. दा. वेलणकर यांच्या ‘जिनरत्नकोश’ या १९४४ च्या बृहत्सूचीतही या सूचीतील नोंदी समाविष्ट झाल्या आणि कारंजा येथील पोथ्यांची वार्ता अधिक दूरवर गेली.

३. संपादन आणि निधी

सूचीनंतरची पायरी संपादनाची. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत, डॉ. हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. (रायबहादूर हिरालाल आणि डॉ. हिरालाल जैन या भिन्न व्यक्ती आहेत. नामसाम्यामुळे अनेकदा घोटाळा होतो.) डॉ. जैन यांनी कारंजा येथील पोथ्यांची स्वतः पाहणी केली, भांडारांच्या विश्वस्तांशी संबंध जोडला आणि संपादनाची योजना आखली. तिला धन लाभले ते कारंजा येथीलच चवरे घराण्याचे. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला या नावाने, म्हणजेच ‘कारंजा जैन सिरीज’ म्हणून, ही माला सुरू झाली.

मालेचा पहिला ग्रंथ पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९३१ मध्ये निघाला. त्यानंतर डॉ. जैन यांच्या संपादनाखाली ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘पाहुडदोहा’ (१९३३) आणि कनकामराचे ‘करकंडचरिउ’ (१९३४) हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमालेत निघाले. या मालेचे नावच कारंजा येथील भट्टारकपरंपरेची आठवण देणारे आहे. पुष्पदंत हा दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत राहून लिहिणारा कवी. ‘करकंडचरिउ’मध्ये धाराशिव परिसरातील लेण्यांचे वर्णन येते. महाराष्ट्राच्या भाषिक व सांस्कृतिक पूर्वेतिहासाशी या ग्रंथांचा संबंध किती निकटचा आहे, हे यावरून ध्यानात येईल.

येथे श्रमविभागणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. भांडाराने पोथी पाहू दिली. धनिकाने छपाईचा भार उचलला. महाविद्यालयीन अध्यापकाने आपली विद्या आणि वेळ दिला. ग्रंथालयांना छापील प्रती मिळाल्या. चौघांपैकी कोणीही एकटा हे कार्य पार पाडू शकला नसता. विशेष म्हणजे यात मूळ पोथीच्या स्वामित्वाचा प्रश्नच उद्भवला नाही. विद्यापीठीय ग्रंथालयाचे खरे ग्रंथदान पोथी न हलविताही होऊ शकते, हे कारंजा येथील उदाहरण निःसंशय दाखवून देते.

मराठी जैन साहित्यालाही या वाटेचा लाभ झाला. कारंजा हे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गंगादासासारख्या मराठी जैन कवीचे कार्यक्षेत्र. जोहरापूरकर यांनी गुणकीर्तीच्या ‘धर्मामृत’ या मराठी गद्यग्रंथाचे संपादन केले, आणि सुभाषचंद्र अक्कोळे यांनी प्राचीन मराठी जैन साहित्याचा स्वतंत्र प्रबंधरूपाने परामर्श घेतला. महानुभाव, वारकरी, दत्त आणि लिंगायत या धारांबरोबर जैन धारा मराठी वाङ्मयेतिहासात आली, ती भांडारांची दारे उघडल्यामुळे.

४. सेवेमुळे आलेले दान

दान आधी आणि सेवा नंतर, असा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. ‘षट्खंडागम’ व त्यावरील ‘धवला’ टीका यांच्या प्रकाशनाचा इतिहास याहून वेगळे सांगतो. या ग्रंथाची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे होती आणि ती बाहेर जाऊ न देण्याविषयी तेथील व्यवस्था अत्यंत दक्ष होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्या नकलांच्या नकला उत्तरेत व वऱ्हाडात पोहोचल्या. डॉ. जैन यांनी अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती मुख्यतः समोर ठेवून संपादन आरंभिले. विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद्र यांच्या देणगीतून जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला आणि पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढील सुमारे दोन दशकांत एकूण सोळा भाग निघाले.

या दीर्घ कार्यातील एक टप्पा ग्रंथपालनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. आरंभीचे भाग प्रसिद्ध झाल्यावर आणि संपादनातील निष्ठा प्रत्ययास आल्यावर मूडबिद्री येथील ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास अनुकूलता मिळाली. मागणीने जे मिळाले नव्हते ते कामाने मिळाले. संग्राहकाचा विश्वास हा विनंतिपत्राने संपादन करता येत नाही. त्याच्या वस्तूचे काय केले जाते, हे तो पाहत असतो. म्हणून सेवा ही जशी दानाची पूर्तता आहे, तशी ती पुढील दानाची पूर्वअटही आहे.

५. विद्यापीठीय संग्रहांचा अनुभव

कारंजा येथील उदाहरण अपवादात्मक मानू नये. महाराष्ट्रातील मोठ्या ग्रंथालयांचा इतिहास याच निष्कर्षाकडे नेतो. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. त्यातून उभी राहिलेली राजाबाई मनोऱ्याची वास्तू आजही त्यांच्या दातृत्वाची साक्ष देते. परंतु वास्तूमुळे ग्रंथांना छप्पर मिळते. वाचक मिळतो तो सूचीमुळे. त्याच विद्यापीठातील भगवतसिंहजी संग्रह व भडकमकर स्मारक संग्रह यांतील हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी १९४४ मध्ये, आणि इच्छाराम सूर्यराम देसाई संग्रहाची सूची वेलणकर यांनी १९५३ मध्ये दिली. या संग्रहांची नावे आज संशोधकांच्या तोंडी आहेत ती या दोन सूचींमुळे.

पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. रा. गो. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला आणि १९१८ मध्ये डेक्कन कॉलेजातील शासकीय हस्तलिखित संग्रह तेथे आला. हे दान मोठे होतेच. पण त्याला प. कृ. गोडे यांच्यासारखा अभिरक्षक लाभला. १९१९ पासून १९६१ मधील निधनापर्यंत गोडे यांनी हस्तलिखितांची देखभाल, सूचीकार्य आणि दूरदूरच्या अभ्यासकांच्या पृच्छांना उत्तरे देणे हे व्रत म्हणून पाळले व त्याबरोबर शेकडो संशोधनलेख लिहिले. ग्रंथालयाला मिळालेल्या देणग्यांच्या यादीत अशा सेवेची नोंद होत नाही. ती केली, तर ती कोणत्याही रोख देणगीहून कमी भरणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग १९४६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाला दिला. विद्वानाचा व्यक्तिगत संग्रह जेव्हा असा संस्थेकडे येतो, तेव्हा त्यातील ग्रंथांइतक्याच महत्त्वाच्या त्यांवरील खुणा, समासातील टिपा आणि ग्रंथांचे परस्परसान्निध्य असते. तोच ग्रंथ बाजारात विकत मिळेल. त्या वाचकाने वाचलेला तो ग्रंथ मिळणार नाही. असा संग्रह विषयवार फोडून मांडणीत विखुरला, तर दानाचा निम्मा अर्थ नाहीसा होतो.

६. आजची आवश्यकता

वाशीम जिल्ह्यातील वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील महाविद्यालये आज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपूर येथे, अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले असून त्याचा ग्रंथसंग्रह उभारणीच्या अवस्थेत असणार, हे उघड आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच दिवशी प्राकृतलाही तो मिळाला. प्राकृत, अपभ्रंश आणि मराठी ही साखळी जेथे पोथ्यांच्या रूपाने नांदली, त्या प्रदेशातील विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय छापील याद्यांतूनच निवडावा, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता घरोघरच्या बाडांचे, निवृत्त अध्यापकांच्या संग्रहांचे, बंद पडलेल्या नियतकालिकांच्या फायलींचे आयुष्य मर्यादित आहे. संग्राहकाच्या मागे वारसांना जागा हवी असते, आणि ग्रंथालयांनाही जागेची, मनुष्यबळाची व निधीची चणचण असते. सरसकट सर्व दान स्वीकारणे जसे अव्यवहार्य, तसे सरसकट नाकारणे हानिकारक. पोथी अभ्यासासाठी नेली आणि परत आली नाही, असा कटू अनुभव सांगणारी घरेही थोडी नाहीत. त्यांच्या संकोचाला कारण आहे. या परिस्थितीत पूर्वानुभवाच्या आधारे काही सूत्रे मांडता येतात.

पहिले सूत्र दानपत्राचे. वाशीमचा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला. वत्सगुल्म येथून दिलेले वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचे ते दानपत्र अंशतः संस्कृत व अंशतः प्राकृत आहे. दाता कोण, प्रतिग्रहीते कोण, कोणते गाव दिले आणि त्याबरोबर कोणत्या सवलती, हे सर्व त्यात नमूद आहे. दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या दानाला जी स्पष्टता आवश्यक वाटली, ती ग्रंथदानालाही हवी. ग्रंथांची यादी, संग्रह एकत्र ठेवावयाचा की विषयवार मांडावयाचा, दुबार प्रती अन्य ग्रंथालयांना देण्याचा अधिकार, आणि नोंदणीची मुदत, एवढे तरी लेखी असावे.

दुसरे सूत्र प्रतिकृतीचे. मूळ पोथी देण्याची इच्छा वा मुभा नसेल, तेथे तिची छायाप्रत वा अंकीय प्रत मिळविणे हेच ध्येय ठेवावे. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाल्यापासून या पद्धतीची ओळख सर्वत्र झाली आहे. पोथी घरी पाहावी, घरीच तिची प्रतिमा घ्यावी, आणि प्रतिमेची एक प्रत मालकाला द्यावी. पोथी ज्या घरातून बाहेर पडत नाही, ते घरही मग ग्रंथालयाचे सहकारी होते.

तिसरे सूत्र अध्यापक व विद्यार्थी यांच्या सेवेचे. एका गावातील खासगी पोथ्यांची वर्णनात्मक सूची, एका दिवंगत लेखकाच्या संग्रहाची टिपांसह यादी, एका नियतकालिकाची लेखसूची, हे पदव्युत्तर लघुप्रबंधाचे विषय होऊ शकतात. त्यासाठी मोडी व जुन्या देवनागरी वळणाचा परिचय द्यावा लागेल. पण तो देणे हे मराठी विभागांचे कामच आहे. अशी सूची नवमताच्या अभावी दुय्यम समजली जाते. १९२६ ची सूची नसती, तर १९३१ नंतरची संपादने कोणत्या आधारावर उभी राहिली असती, एवढा प्रश्न या आक्षेपाला पुरेसा आहे.

चौथे सूत्र निधीचे. ग्रंथ देणाऱ्याने, शक्य असेल तर, त्यांच्या नोंदणीसाठी आणि बांधणीसाठी अल्पसा निधीही द्यावा. आणि ज्याच्याजवळ ग्रंथ नाहीत, पण धन आहे, त्याला चवरे घराण्याचे उदाहरण सांगावे. एका कपाटावर नाव कोरण्यापेक्षा एका सूचीच्या मुखपृष्ठावर ते असणे अधिक चिरस्थायी असते.

समारोप

एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ग्रंथाचा उपयोग हेच त्यांतील पहिले तत्त्व ठरविले. त्याच वर्षी कारंजा येथील मालेतून ‘जसहरचरिउ’ बाहेर पडले. हा केवळ योगायोग असला, तरी दोन्ही घटनांचा आशय एकच आहे. शास्त्रदानाच्या परंपरेने पोथी जतन केली. सूची, संपादन, निधी आणि परस्परविश्वास यांनी ती उपयोगात आणली. पहिल्यावाचून दुसरे शक्य नव्हते, आणि दुसऱ्यावाचून पहिले अपुरे राहिले असते.

विद्यापीठीय ग्रंथालयाला समृद्ध करणे याचा अर्थ म्हणून केवळ ग्रंथ गोळा करणे असा होत नाही. मिळालेल्या ग्रंथाची नोंद, त्याची वार्ता, त्याची प्रत आणि त्याचा वाचक या चारही गोष्टी सिद्ध झाल्या, की ग्रंथदान पूर्ण झाले. कौंडेशाच्या कथेतील गुराख्याने ढोलीतला ग्रंथ मुनीपर्यंत नेला. वाशीम जिल्ह्यातील अनेक घरांतून तेवढे अंतर अद्याप तोडावयाचे आहे. आणि ते तोडण्याचे दायित्व ग्रंथ ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याइतकेच, ज्यांना ते वाचता येतात त्यांचेही आहे.